कोणत्या थरातला हाय?

निरोप समारंभात आमचे प्राचार्य माइकवर म्हणाले की तायडे मॅडम म्हणजे अत्यंत शांत, मनमिळाऊ आणि सर्वांना सांभाळून घेणारं व्यक्तिमत्त्व. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाटलं, उठावं आणि माइक काढून घ्यावा त्यांच्या हातातून. रिटायर होणाऱ्या प्रत्येकाला आमच्याकडं शाल, नारळ आणि 'मनमिळाऊ' एकाच ताटात मिळतं, ते मला माहीत आहे. पण या बाईला? आणि ते या माणसानं म्हणावं?

कुसुम तायडे मनमिळाऊ नव्हत्या. भांडखोर होत्या, आणि भांडण करायला त्यांच्याकडं कारणं होती. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात त्या भूशास्त्र शिकवत. भूशास्त्र विभाग म्हणजे एक वर्ग, एक कोंदट खोली आणि त्या. राहायला अकोल्याला. मीही अकोल्याचाच, केमिस्ट्री शिकवतो. त्यामुळं आमचं अप-डाउन वर्षानुवर्षं एकाच एसटीनं झालं. सुती साडी, पायात पोरांसारखे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर एक पिशवी. पिशवीत डबा, भिंग आणि डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी बाटली. रिकामी म्हणजे औषधाची रिकामी. आत माझ्या लॅबमधून नेलेलं पातळ केलेलं अॅसिड असायचं. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं एकदा ती बाटली खरोखरच डोळ्यापाशी नेली होती, तेव्हापासून बाटलीच्या मानेला लाल चिंधी बांधलेली असे.

हे अॅसिड चुन्याच्या दगडावर टाकलं की फसफसतं. भूशास्त्राच्या कोणत्याही पोराला हे ठाऊक असतं, पण मॅडमना त्याचं व्यसन होतं. लग्नाच्या हॉलची पायरी, बँकेच्या काउंटरची फरशी, कोणाच्या नव्या घराचा ओटा, कुठंही थेंब टाकून बघायच्या. एक सहकारी राजस्थानच्या सहलीहून संगमरवरी गणपती घेऊन आले आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांना कौतुकानं दाखवत होते. मॅडमनी गणपती उलटा केला, बुडाला थेंब टाकला, वाट पाहिली आणि म्हणाल्या, "सर, हा प्लास्टिकचा हाय." त्या सरांनी पुढं त्यांच्याशी बोलणं टाकलं. मॅडमना ते कळलंच नाही, आणि कळल्यावर त्यांनी विचारलं की गणपती प्लास्टिकचा निघाला यात माझा काय दोष.

त्यांचा एक प्रश्न असायचा. कोणी काहीही सांगितलं की त्या विचारत, "हे कोणत्या थरातलं हाय?" म्हणजे ही माहिती तुला कुठं सापडली, वर पडलेली होती का आत होती, आणि तू ती स्वतः काढलीस का कोणी आणून दिली. अमक्याची बदली होणार म्हणे. कोणत्या थरातलं हाय? तमक्या पोरीचं लग्न मोडलं. कोणत्या थरातलं? निम्म्या गप्पा तिथंच मरत. एकदा एक जण म्हणाला की असा उन्हाळा वऱ्हाडात पूर्वी कधी नव्हता. तर या लगेच, "पूर्वी म्हणजे कोणता थर? तुमच्या लग्नाच्या आधीचा, का माणूस यायच्या आधीचा?" स्टाफरूम हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

ते उत्तर हाच त्यांचा आयुष्यभराचा धंदा. त्यांचं माहेर खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे पूर्णेच्या दोन्ही अंगांचा तो सपाट काळा मुलूख, जिथं विहिरीचं पाणी खारं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि पिणाऱ्याच्या मूतखड्याला तोटा नाही. त्यांची आई गोड्या पाण्यासाठी डोक्यावर घागर घेऊन लांब जायची. लहानपणी यांनी गावातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं की आपलंच पाणी काहून खारं? त्यानं सांगितलं, एका साधूला गावानं पाणी दिलं नाही, त्याचा शाप आहे. मॅडम ही गोष्ट सांगताना साठीच्या उंबरठ्यावरही लाल व्हायच्या. "अबे, पाणी होतंच कुठं त्याले द्याले? आन् ज्यायच्या डोक्यावर घागरी, शापही त्यायलेच?"

शाप नाही, हवामान, असं त्यांचं म्हणणं. कोणे एके काळी इथला पाऊस आटला आणि बराच काळ आटलेलाच राहिला. जमिनीतलं पाणी वर वर ओढलं जाऊन उडत राहिलं आणि मागं राहिलं मीठ आणि चुना. त्या चुन्याचे मातीत गोळे झाले, बोराएवढे, आवळ्याएवढे. काळी जमीन खोल खणली की हे पांढुरके कंकर निघतात. आमचा शेतकरी त्यांना शिव्या देऊन बांधावर फेकतो. मॅडम त्यांना हातात घेऊन भिंगानं बघत. कारण कंकर ज्या पाण्यातून बनला त्या पाण्याचा ऑक्सिजन त्याच्यात अडकून बसलेला असतो, आणि ऑक्सिजन एकाच वजनाचा नसतो. एक हलका, एक जड. याला समस्थानिक म्हणतात, आयसोटोप.

मुलांना त्या असं शिकवायच्या. सभा संपता संपता बघा, हलके लोक आधी उठतात. जड असतात ते खुर्चीत बसून राहतात. हॉलमध्ये नुसते जडच दिसले तर समजायचं, सभा फार लांबली. पाण्याचं तसंच. ऊन लांबलं की हलका ऑक्सिजन आधी उडून जातो, जड मागं उरतो. कंकरात जड जास्त सापडला, तर तो बनला तेव्हा पाऊस कमी होता. आणि कार्बन सांगतो की वर काय उगवत होतं. ज्वारीच्या जातीचं गवत असलं तर कार्बनची मोजणी एक येते, झाडोरा असला तर दुसरी. "म्हणजे गोट्याले इचारलं त तो पाऊसही सांगते आन् पीकही. तलाठ्यापेक्षा बरा हाय."

पण गोटा कधीचं सांगतो, हे तो कुठल्या थरातून काढला त्यावर. थर माहीत नसेल तर त्याचं सांगणं बिनकामाचं. जबानी आहे, पण कोणत्या खटल्यातली, पत्ता नाही.

दर्यापूरच्या पलीकडं पूर्णेनं कापलेली एक उंच दरड होती. नदीनं जमीन अशी उभी चिरलेली की थरावर थर दिसत. मध्येच फिकट राखेची एक पट्टी, समुद्रापलीकडच्या कुठल्या बेटावरच्या ज्वालामुखीची. ती राख कधी पडली हे जगाला ठाऊक आहे, म्हणून तिच्या वरचं नंतरचं आणि खालचं आधीचं, असा हिशेब लावता येतो. अशी दरड नशिबानं मिळते. मॅडमनी तिथं किती उन्हाळे काढले असतील. दोरीला लोंबकळून, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक थरातले कंकर. मी एकदा सहलीबरोबर गेलो होतो. एका पोरीला दरडीच्या पायथ्याशी फार सुंदर कंकर सापडला, फांद्या फुटलेला. ती धावत दाखवायला आली. मॅडमनी विचारलं, "कोणत्या थरातला हाय?" पोरगी म्हणाली, खाली पडलेला होता. मॅडमनी तो घेतला आणि सरळ नदीत फेकून दिला. पोरीचे डोळे भरले. मी म्हटलं, अहो, आठवण म्हणून तरी ठेवू द्यायचा. तर मलाच झाडलं. "आठवण ठेवाची असन त फोटो काढ म्हणा. ज्याचा थर माहीत नाही तो गोटा खोटं बोलते, आन् आपल्या तोंडून बोलते."

कंकर ठेवायची त्यांची पद्धत वेगळी होती. गोट्यावर काही लिहायचं नाही. गोटा मोजणीआधी दळायला जायचा आहे, त्याला रंग नको, शाई नको. म्हणून प्रत्येक थराची एक कापडी पिशवी. आई जुन्या लुगड्यांच्या पिशव्या शिवायची आणि त्यावर बिब्ब्यानं खूण करायची, पूर्वी धोबी कपड्यांवर करायचे तशी. बिब्ब्याची खूण कापड फाटेल पण जात नाही. त्या कामात म्हातारीच्या हातावर बिब्बा उतला होता, कोपरापर्यंत फोड. मॅडम ओरडल्या तर म्हातारी म्हणाली म्हणे, पाणी आणून डोकं भाजलं, आता ते खारं काहून होतं हे कळत असेल तर हातही भाजू दे.

आता राहिलं हा ऑक्सिजन मोजायचं मशीन. ते अमरावतीत नाही, अकोल्यात नाही. देशात मोजकीच आहेत आणि तिथं रांग. मॅडमनी प्रस्ताव केले, परत आले. पुन्हा केले. आमच्या कॉलेजच्या शिक्क्याचा कागद पाहून तिकडचे लोक काय हसत असतील ते मला माहीत आहे, मीही केले आहेत प्रस्ताव. शेवटी रिटायरमेंट तोंडावर आली तेव्हा परराज्यातल्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं की दिवाळीनंतर नमुने पाठवा, मोजून देतो. त्या दिवशी एसटीत बाईनं मला स्वतःहून डब्यातला चिवडा दिला. असं कधी होत नसे.

त्याच दिवाळीच्या आधी आमच्याकडं मूल्यांकनाची कमिटी येणार होती. ज्यांनी कॉलेजं पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. वर्षभर नळाला पाणी नसतं, कमिटीच्या आधी कारंजं सुरू होतं. कुंड्या भाड्यानं येतात. ग्रंथालयात मुलं नेऊन बसवतात. मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं अकोल्याला. प्राचार्यांनी भूशास्त्राची खोली उघडायला लावली, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले की हे काय भंगार आहे. आमचे शिपाई गजूभाऊ म्हणाले, मॅडमचे गोटे हायत. प्राचार्य म्हणाले, गोटे आहेत ना, मग बगिच्याला लावा, शोभा येईल. चुना मारून घ्या.

गजूभाऊंनी सांगितलं ते मन लावून केलं. पिशव्या उलट्या करून सगळे कंकर एका ढिगात ओतले. नव्या बगिच्याच्या वाफ्यांना त्यांची किनार केली. त्यावर चुना मारला, एकाआड एक गेरू. पिशव्या मळक्या दिसत होत्या, कमिटीनं कपाट उघडलं तर कसं दिसेल, म्हणून त्यांनी त्या घरी नेल्या. बायकोनं धुतल्या, इस्त्री केली. मॅडम रजेवरून आल्या तेव्हा त्यांनी मोठ्या कौतुकानं कपाट उघडून दाखवलं. पिशव्यांची छान चवड लावलेली होती. बिब्ब्याच्या खुणा जशाच्या तशा होत्या.

गजूभाऊंवर माझा राग नाही. त्या माणसाला नंतर कळलं तेव्हा तो दोन दिवस जेवला नाही. राग ज्यांच्यावर आहे ते पोटभर जेवले.

त्या दिवशी मॅडम ओरडतील, कॉलेज डोक्यावर घेतील, असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. बगिच्यात गेल्या, खाली बसल्या, पिशवीतून लाल चिंधीची बाटली काढली आणि एका गोट्यावर थेंब टाकला. फसफसला. फसफसणारच, वरही चुना, आतही चुना. मग दुसऱ्यावर टाकला, मग तिसऱ्यावर. मी शेजारी उभा होतो.

चुना धुता आला असता. खरवडून आतला गाभा घेता आला असता. पण कोणता कंकर राखेच्या वरचा आणि कोणता खालचा, हे कोण सांगणार? ते बटाट्यासारखे एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं असे सारखे दिसतात. मॅडम त्यातल्या काहींकडं बघून थांबायच्या, हातात घ्यायच्या, ओळख पटल्यासारखं करायच्या आणि परत ठेवायच्या.

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी त्यांच्याबरोबर गेलो. पुढं जे ऐकलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. प्राचार्य अगदी गोडीत बोलले. खुर्ची दिली, पाणी मागवलं. म्हणाले, कमिटीच्या गडबडीत झालं, मनावर घेऊ नका. आणि मग म्हणाले, "मॅडम, पिशव्या आहेत, गोटेही आहेत. अंदाजानं भरा आणि पाठवून द्या. मशीनला काय कळतंय कोणता कोणत्या पिशवीतला होता ते?"

मॅडमनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "मशीनले नाही समजत सर. म्हणूनच मले समजा लागते."

बाहेर आल्यावर मला वाटलं निदान आपले लोक तरी चिडतील. कशाचे चिडतात! स्टाफरूममध्ये दोघा-तिघांनी हाच सल्ला दिला. शोधनिबंध होऊन जाईल, कॉलेजचं नाव होईल, कोण येतंय दरड मोजायला. पीएच.डी. झालेले लोक हे. वर्गात जाऊन हेच पोरांना सत्य आणि संशोधन शिकवतात. आमच्याकडं खोटं बोलायला कोणी भीत नाही, कारण खरं तपासायला कोणी येत नाही. मी त्या दिवशी दोघांना वाट्टेल ते बोललो. त्यांनी समजूतदारपणे माझ्यापुढं चहा ठेवला. तो चहा मी घेतला नाही.

मॅडमनी त्याच दिवशी प्रयोगशाळेला कळवलं की माझ्याकडं नमुने नाहीत. आणि म्हणाल्या, रविवारी दरडीवर चला. पुन्हा काढू. रांग पुन्हा लावू, रिटायर झाल्यावरही गोटे मोजता येतात.

गेलो. दर्यापूरवरून जीप केली. मॅडम बूट घातलेल्या, दोरी खांद्यावर, आईनं पाठवलेल्या नव्या पिशव्यांचं बोचकं मांडीवर. म्हातारीनं डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेली असताना चाचपडत शिवल्या होत्या त्या. नदीवर पोचलो आणि जीपवाल्याला आम्ही दोघांनीही एकाच वेळी म्हटलं की जागा चुकली. जागा चुकली नव्हती. दरड नव्हती. रस्त्याच्या भरावासाठी यंत्रांनी ती अख्खी खाऊन टाकली होती. जिथं थर होते तिथं एक मोठा खड्डा आणि त्यात हिरवं पाणी. एक मशीन अजून कडेला काम करत होतं. चालवणारा खाली उतरला, चांगला माणूस होता, त्यानं विचारलं की ताई, माती पाहिजे होती का, मालकाला विचारून एक ट्रॉली टाकून देतो.

मॅडम त्याला म्हणाल्या, "नाही बाप्पा. नीट पायजे होती."

परतताना त्यांनी रिकाम्या पिशव्यांचं बोचकं पुन्हा मांडीवर घेतलं. मी मात्र दर्यापूरपर्यंत शिव्या देत होतो, यंत्राला, मालकाला, प्राचार्यांना, कमिटीला आणि गाड्या भरभरून जाणाऱ्या त्या रस्त्यालाही. त्या रस्त्यावर आता गाडी मस्त पळते म्हणतात. पळू दे. त्याच्या पोटात वऱ्हाडाचा सगळा पाऊस कालवून पुरला आहे.

कॉलेजला चांगली ग्रेड मिळाली. फटाके फोडले. अहवालाच्या मुखपृष्ठावर बगिच्याचा रंगीत फोटो आला, पांढऱ्या-तांबड्या गोट्यांच्या किनारीसह. खाली छापलं होतं, हरित परिसर.

तर असा तो निरोप समारंभ. प्राचार्यांचं मनमिळाऊ संपलं, शाल झाली, नारळ झाला, आणि सत्काराला उत्तर द्यायला मॅडम उठल्या. माइकपाशी न जाता त्यांनी पिशवीतून काहीतरी काढलं आणि प्राचार्यांच्या समोर टेबलावर ठेवलं. चुना मारलेला कंकर. येताना बगिच्यातून उपटून आणला होता, त्यांच्या बोटांना पांढरं लागलं होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "हा कोणत्या थरातला हाय?"

प्राचार्य हसले. काही लोकही हसले. मॅडम उभ्याच राहिल्या. त्या खरंच उत्तराची वाट पाहत होत्या. हसू आधी मागच्या रांगेतलं विरलं, मग पुढच्या. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. प्राचार्यांनी आयोजकांकडं बघितलं, आयोजकांनी खाली. सभा किती लांबली ते मला सांगता येणार नाही. शेवटी मॅडमनी गोटा उचलला, प्राचार्यांना नमस्कार केला आणि पायऱ्या उतरल्या. आभारप्रदर्शन करणाऱ्यानं आभार मानले.

आम्ही नेहमीची एसटी पकडली. त्या खिडकीशी, मी शेजारी. मांडीवर शाल, नारळ आणि तो गोटा. मला त्यांचा नियम ठाऊक होता. वाटेत काटेपूर्णेचा पूल लागतो. मला वाटलं, तिथं फेकतील, पण पूल मागं गेला. मग मला राहवलं नाही. म्हटलं, मॅडम, त्या पोरीचा गोटा तुम्ही नदीत टाकला होता. हा का नाही?

त्या गोट्यावरचा चुना अंगठ्यानं खरवडत होत्या.

"तिच्या गोट्याचा थर कोणी पायलाच नव्हता," त्या म्हणाल्या. "याचा मी पायला होता. याचा थर हरवला नाही सर. याचा थर लोकायनं नेला."

अकोल्याला स्टँडवर उतरताना त्यांनी गोटा शालीत गुंडाळला, छातीशी धरला आणि गर्दीतून निघाल्या. कंडक्टर मागून दोनदा ओरडला, ओ मॅडम, नारळ राहिला तुमचा. त्यांनी वळून पाहिलं नाही.